खाडीत बुडवलेली टाकी

माझा स्वभाव तापट. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी कुणाकुणावर ओरडले ते वाचून तुम्हाला नवल वाटायला नको. आमच्या घरात मी बोलायचं आणि नवऱ्यानं ऐकून घ्यायचं, असं लग्नानंतर महिन्याभरातच ठरून गेलं होतं. बिचाऱ्यानं ते पाळलंही. फक्त एका बाबतीत त्यानं माझं कधी ऐकलं नाही. दिवाळी आटोपली की तो वाळवंटात जायचा म्हणजे जायचाच.

जमिनीखालचं पाणी शोधणं हे त्याचं काम. राजस्थानात पार सरहद्दीकडच्या गावांत महिना महिना हिंडायचं, जुन्या विहिरींची खोली मोजायची, पाण्याच्या बाटल्या भरून आणायच्या. ही गोष्ट ऐंशी सालच्या आसपासची. आम्ही गिरगावातली दोन खोल्यांची जागा सोडून वाशीला नव्या फ्लॅटमध्ये आलो होतो. मला कोपऱ्यावरच्या शाळेत नोकरी लागली होती. इमारतींच्या मधे कमरेएवढं गवत होतं, आणि गिरगावचे नातेवाईक भेटले की विचारायचे, "काय गं, तुमच्याकडे लाइट येते ना?"

ऑफिसनं त्याला मिलिटरीच्या लिलावातली जीप दिली होती. फोर व्हील. वाळूत रुतली की दुसरा दांडा ओढायचा, मग पुढची चाकंही जोर लावायची आणि जीप गुरगुरत बाहेर यायची. पण चारही चाकं ओढायला लागली की ती पेट्रोल घटाघटा प्यायची. टाकी होती ड्रायव्हरच्या सीटखाली, एवढीशी. म्हणून मागे पेट्रोलचे कॅन बांधून न्यायचे. आदल्या वर्षी त्यातला एक कॅन धक्क्यांनी उसवला आणि सगळं पेट्रोल वाळूत गेलं. हे कळलं तेव्हा जवळच्या पंपापासून ते दीड दिवस लांब होते. नवरा आणि त्याचा वाटाड्या दोन दिवस जीपच्या सावलीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशी रेडिएटरमधलं गंजकट पाणी वाटाड्याच्या धोतराच्या सोग्यातून गाळून प्यायले. शेवटी उंटवाले आले म्हणून वाचले.

हे त्यानं मला कधी सांगितलं? घरी आल्यावर, जेवताना, आमटी वाढून घेता घेता. वर हसत होता! मी तीन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मी तीन दिवस गप्प आहे हे आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घराला कळलं होतं. चौथ्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "पुढच्या वर्षी मोठी टाकी बसल्याशिवाय या उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. माझा नवरा मला परत पाहिजे."

वर्षभर तो "बघू, बघू" करत राहिला. दिवाळी तोंडावर आली तशी मी स्वतःच निघाले. तुर्भ्याच्या दोन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. एक म्हणाला, "भाभी, पेट्रोल का मामला है, अपुन को टेन्शन नहीं मंगता." तिसऱ्यानं मात्र पत्ता सांगितला. कोपरखैरण्याच्या खाडीकाठी एक गाववाला मचव्यांना डिझेलच्या टाक्या बनवून देतो, त्याला विचारा म्हणाला.

हा मनुष्य तिशी-पस्तिशीचा, गावातलाच. भातशेती नव्या शहरासाठी गेली तेव्हा तो कारखान्यात वेल्डिंग शिकला. दुपारी तीनला दुसऱ्या पाळीवर जायचा आणि सकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं काम करायचा. आम्ही जीप नेली तेव्हा त्यानं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ जीपखाली शिरला आणि अर्धा तास तिथंच पडून राहिला. मी नवऱ्याला म्हटलं, "झोपला की काय हा?" तेवढ्यात खालून आवाज आला, "झोपलू नाय बाई, बगतंय."

मग त्यानं मापं घेतली. खिशात टेप होती, पण मापं सुतळीनं. चॅसीच्या दोन पट्ट्यांमधली जागा, खालच्या दांड्यापासूनचं अंतर, सायलेन्सरची नळी कुठून जाते ते, प्रत्येकाला एक सुतळी आणि प्रत्येक सुतळीला वेगळ्या गाठी. आठ-दहा सुतळ्या झाल्या. त्या त्यानं शेडमधल्या खिळ्याला अडकवल्या आणि त्यावरून आधी पुठ्ठ्याची टाकी बनवली. अख्खी टाकी, पुठ्ठ्याची! ती जीपखाली लावून बघितली, एक कोपरा कापला, परत लावली. तेव्हा कुठे पत्र्याला हात घातला.

आत त्यानं तीन आडव्या पट्ट्या जोडल्या, त्यांना भोकं ठेवली. मी विचारलं, या कशाला? "बाई, होडीत पानी साठलं नि ते एका अंगाला धावलं की होडी कलते. पेट्रोल पन तसंच. जीप वळली का ते धावनार. पट्ट्या मधी असल्या का त्याला धावाय जागा नाय." सीटजवळ तो एक कॉक बसवणार होता. जुनी टाकी संपली की कॉक फिरवायचा, लगेच नव्या टाकीतलं पेट्रोल सुरू. जीप उभी करायचीही गरज नाही. माझा नवरा शिकलेला माणूस, पण हे ऐकताना शाळेतल्या मुलासारखा तोंड उघडं टाकून उभा होता. खरं सांगायचं तर मीही.

भाऊबीजेला टाकी तयार झाली. पंचमीला सकाळी निघायचं ठरलं होतं. भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्ही ओवाळणीचे कपडे घालूनच टाकी बघायला गेलो आणि मी म्हटलं, "चला, बसवून टाका आता."

"आज कशी? खाडीनं बगितली नाय अजून."

"काय?"

"उद्या तीज. उद्याचे भरतीला खाडीत घालनार. बायको बगल. मंग बसवनार."

मला वाटलं, हा आपली थट्टा करतोय. मी म्हटलं, "अहो, साबणाचा फेस लावा, फुगे येतात का बघा, झालं! आणि वहिनींना टाकीतलं काय कळतं?"

वहिनी तिथंच उभ्या होत्या. माझ्याच वयाच्या, काष्ट्याचं लुगडं, हातात चिंबोऱ्यांची, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांची, टोपली. तोच म्हणाला, "साबनानं मोठं भोक दिसतं. बारीक दिसाय तिचं डोळं लागतात. तिनं बगितल्याबिगर मी टाकी देत नाय. आजपावेतो नाय दिली." नवरा माझी बाही ओढत म्हणाला, "अगं, राहू दे ना." मी तणतणत घरी आले. रात्रभर माझं एकच चाललं होतं, कुणाच्या नादी लागलो आपण!

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला ऑफिसातून सामान आणायचं होतं. मला सुट्टी होती म्हणून मी एकटीच गेले. ओहोटीच्या चिखलात त्यानं चार खुंट ठोकले होते आणि त्यांना दोरांनी ती टाकी जखडली होती. तोंडं लाकडी बुचांनी घट्ट बंद. एका तोंडाला सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह बसवलेला. पंपानं त्यानं आत हवा भरली, वर बोटाच्या पेरानं टकटक करून ऐकलं आणि काठावर येऊन बसला.

"आता?" मी विचारलं.

"आता पानी येल."

आणि पाणी आलं. मी खाडीकाठी राहत होते, रोज खिडकीतून खाडी बघत होते, पण भरती येताना इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. आवाज नाही, लाट नाही. चिखलातल्या रेघा एकेक करून भरत गेल्या आणि बघता बघता टाकीचा तळ ओला झाला. तो सांगत होता, "पिंपात बुडवली तर समदी एकदम बुडते, कुठला सांधा गळतो कसं कळनार? खाडी कशी हळूहळू चढते. आधी खालचा सांधा इचारते, मंग बाजूचा, मंग वरचा. नि ती खोटं नाय बोलत." एवढी मोठी खाडी, आणि या माणसानं तिला आपल्या टाकीच्या तपासणीला लावलं होतं! माझा राग निम्मा तिथंच उतरला.

मग बुडबुडे दिसायला लागले. मी ताडकन उभी राहिले आणि ओरडले, "फुटली! अहो, फुटली टाकी!"

वहिनी खो खो हसल्या. गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या त्या, एका हातानं लुगडं सावरून. "बाय, बस खाली. त्यो चिंबोरीचा हाय."

"आणि हा?"

"त्यो निवटीचा. नि त्यो पलीकडचा नुसता चिखलाचा." निवटी म्हणजे चिखलात राहणारा तो बोटभर उड्या मारणारा मासा. त्या मला शिकवायला लागल्या. चिखलाचा बुडबुडा मळका येतो आणि जागा बदलतो. चिंबोरीचे दोन-तीन लागोपाठ येतात आणि मग बंद. टाकीचा येईल तो निर्मळ, आणि येईल तो एकाच जागी. मी डोळे फाडफाडून बघत होते. मला सगळे सारखेच दिसत होते! पाचवी-सहावीच्या पोरांना मी विज्ञान शिकवायचे, हवा जागा व्यापते म्हणून पालथा पेला पाण्यात बुडवून दाखवायचे, आणि इथं मला एक बुडबुडा ओळखता येईना.

वहिनी लहानपणापासून आईबरोबर चिखलात उतरायच्या. पाय कुठे टाकायचा, हात कुठे घालायचा, हे बुडबुड्यांवरून ठरवायचं. चुकलं तर चिंबोरी बोट फोडते. ते डोळे त्या आता नवऱ्याच्या कामाला लावत होत्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यानं सांगितलं, आणि सांगताना त्याच्या आवाजात केवढा अभिमान होता.

बारा वाजले. पाणी टाकीच्या निम्म्यावर आलं. एक वाजता टाकी पूर्ण बुडाली. काही नाही. दीड वाजला. ऊन टाळूवर आलं, मला भूक लागली, आणि माझा मूळ स्वभाव परत वर आला. मी म्हटलं, "दादा, झाली ना आता? पूर्ण बुडाली, काही गळत नाही. काढा आणि बसवा." त्यालाही अडीचला पाळीसाठी निघायचं होतं. त्यानं दोन मिनिटं पाण्याकडे बघितलं आणि म्हणाला, "व्हय, बरोबर हाय." लेंगा वर खोचून तो दोर सोडायला उतरला.

"थांब," वहिनी म्हणाल्या.

तो थांबला.

"एक आला."

"कुठं?" आम्ही दोघं एकदमच.

"आला नि गेला. दुसरा येल."

आम्ही बघत राहिलो. पाणी सपाट. कुठे काही नाही. मी मनात आकडे मोजायला लागले. पन्नास झाले, शंभर झाले. चिंबोऱ्यांचे दोन आले, ते आता मलासुद्धा कळले. मी बोलायला तोंड उघडलं तर वहिनींनी मान न वळवता नुसता हात वर केला, आणि मी तोंड मिटलं. दोनशेच्या पुढे मोजलं असेन. तेव्हा एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. निर्मळ. वर आला, क्षणभर पाण्यावर टेकला आणि विरला. वहिनींनी बोट दाखवलं तिथंच. पुन्हा तेवढाच वेळ गेला आणि पुन्हा तिथंच, तेवढाच एक.

माझ्या अंगावर काटा आला. खरंच आला, आज लिहितानाही येतोय. एवढ्या मोठ्या खाडीत, एवढ्या चिखलात, हजारो बुडबुड्यांतून या बाईनं तो एक ओळखला होता.

तिच्या नवऱ्यानं वाद घातला नाही, सबब सांगितली नाही. पाण्यात हात घालून बोटानं चाचपलं आणि काळवंडल्या चेहऱ्यानं वर आला. "मागचा कोपरा," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून हळूच, "बाई, त्याचे खालूनच सायलेन्सरची नळी जाते."

मला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा मी मटकन खाली बसले. तापलेल्या नळीवर थेंब थेंब पेट्रोल, आणि वर सीटवर माझा नवरा. आणि काल संध्याकाळी मीच म्हणाले होते, बसवून टाका. मीच! त्याला दोन दिवस वाळूत अडकू नये म्हणून मी ही टाकी करवली, आणि घाईही मलाच. मी तिथं चिखलाच्या काठावर बसून रडले. वहिनी पाण्यातून बाहेर आल्या आणि ओल्या हातानंच माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडतेस कशाला येडे? दिसला ना आपल्याला? दिसला म्हनजे गेला."

त्या दिवशी तो पाळीवर गेलाच नाही. टाकी काढली, गोड्या पाण्यानं धुतली आणि तो कोपरा नव्यानं जोडला. म्हणाला, "अजून पेट्रोल शिवलं नाय म्हनून बरं. एकदा शिवलं का टाकीला आग दावायची सोय नाय." चौथीला पुन्हा खुंट, पुन्हा दोर, पुन्हा पंप. या वेळी नवराही आला होता. आम्ही चौघं काठावर ओळीनं बसलो होतो. पूर्ण भरती येऊन ओहोटी लागेपर्यंत वहिनींनी तिथून नजर हलवली नाही. मग म्हणाल्या, "घेवून जा."

मी म्हटलं, "वहिनी, उद्या आणखी एकदा घालू या का?"

"बाय, आता तिला सर्दी व्हईल!"

पंचमीला टाकी बसली. एक दिवस उशिरानं, षष्ठीच्या सकाळी, नवरा निघाला. मी दही दिलं हातावर. चेहरा ठीक ठेवला. जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा दार लावून घेतलं आणि मग काय व्हायचं ते झालं.

महिन्यानं यायचा तो. मधे दोन पोस्टकार्डं आली, दोन्हींत हवा छान आहे. घरात फोन नव्हता. महिना झाला, वर एक दिवस, दोन दिवस. चौथ्या दिवशी मी शाळेत वर्गावर असताना फळ्यावर काय लिहायचं तेच विसरले. सहाव्या दिवशी ऑफिसात गेले. तिथला मनुष्य म्हणाला, "येतील हो बाई, जातात कुठे?" त्याला मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सातव्या दिवशी, रविवारी दुपारी, खाली जीपचा आवाज आला. मी भांडी टाकून अनवाणी जिना उतरले. नवरा दार उघडून बाहेर येत होता. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, डोळे हसरे. आणि मी काय करावं? मी त्याच्या शेजारून गेले आणि जीपखाली शिरले. पातळासकट, खाली रस्त्यावर आडवी! मागच्या कोपऱ्याला हात लावला. कोरडा. बोटांना नुसती वाळू लागली, पिवळी, पिठासारखी बारीक. वास घेतला. पेट्रोलचा वास नाही. मी तशीच तिथं पडून राहिले आणि मला उठताच येईना.

"अगं, मी इकडे आहे," तो वाकून म्हणाला.

नंतर त्यानं सांगितलं. एका ठिकाणी विहिरीचं पाणी गोडं निघालं म्हणून ते आठवडाभर जास्त राहिले. परत येताना गेल्या वर्षी जिथं अडकले होते त्याच्या आसपासच पहिली टाकी संपली. त्यानं कॉक फिरवला. इंजिन एकदा खोकलं, आणि चालत राहिलं. वाटाड्यानं कानाला हात लावले.

मी त्याला आंघोळीला पाठवलं आणि चप्पल घालून तशीच बसनं कोपरखैरण्याला गेले. ओहोटी होती. वहिनी लांब चिखलात होत्या, कमरेत वाकलेल्या. मी काठावरून ओरडले, "वहिनी! आला!"

त्या सरळ झाल्या. कपाळावर आडवा हात धरून माझ्याकडे बघितलं.

"टाकी गळली?"

"नाही!"

"मंग येनारच व्हता," त्या म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या.

मी बघत उभी राहिले. त्यांच्या पुढ्यात चिखलातून एक बुडबुडा वर आला. त्यांनी त्यात दंडापर्यंत हात घातला आणि चिंबोरी उचलून टोपलीत टाकली.